फळा, पत्रा आणि कातडी

सकाळी सात ते दुपारी साडेबारा आम्ही उर्दू माध्यमाच्या एका माध्यमिक शाळेत शिकवतो. संध्याकाळी पाच ते रात्री दहा सोलापूरच्या नव्या पेठेत टॅटूच्या दुकानात बसतो. दुकान धाकट्या भावाचे. जागा भाड्याची, दहा बाय बारा, खाली चपलांचे दुकान आणि वर आम्ही. जिना इतका अरुंद की एक गिऱ्हाईक उतरेपर्यंत दुसऱ्याला खाली थांबावे लागते.

'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. उर्दू शाळेत शिकलो, उर्दू शाळेत शिकवतो. वर्गात स्वतःला 'हम' म्हणायची सवय जिभेला लागली ती मराठी लिहितानाही सुटत नाही. दुकानात 'आम्ही लिहून देतो' म्हटले की गिऱ्हाईक दुसरा माणूस शोधायला मागे वळून बघते.

बी.एड. करून २०१३ साली शाळेत लागलो तेव्हा संस्थेचे मानधन महिन्याला तीन हजार होते आणि तेही दर महिन्याला मिळत नसे. शाळा विनाअनुदानित. पुढे २० टक्के अनुदानाचा टप्पा मिळाला त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत पेढे वाटले. पूर्ण पगाराचा पाचवा हिस्सा मिळाला म्हणून पेढे वाटणारी जमात जगात बहुधा आमची एकच. आमचे एक सहकारी संध्याकाळी रिक्षा चालवतात, दुसरे मेव्हण्याच्या बेकरीत हिशेब लिहितात. त्यांच्याबद्दल कुणी काही बोलत नाही. आमच्याबद्दल बोलतात. कारण रिक्षा हलाल आहे.

हे सांगायचे तर आधी अब्बांबद्दल सांगायला हवे. अब्बा पेंटर. विजापूर वेशीपासून पार्क चौकापर्यंत एके काळी निम्म्या दुकानांवर त्यांच्या हातची अक्षरे होती. सोलापुरात बोर्ड रंगवणाऱ्याला एका लिपीवर भागत नसे. मराठी तर हवीच; पद्मशाली विणकरांच्या वस्तीत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कन्नड, आमच्या मोहल्ल्यात उर्दू. अब्बा चारही लिहीत. तेलुगू आणि कन्नड त्यांना बोलता यायची, वाचता फारशी यायची नाही. पण अक्षराचा घाट अचूक. एकच मजकूर अनेक बोर्डांवर काढायचा असला की कागदावर अक्षरे काढून टाचणीने कडेकडेने भोके पाडायचे, कागद पत्र्यावर लावायचा आणि निळीची पुरचुंडी त्यावर आपटायची. कागद उचलला की पत्र्यावर निळ्या टिपक्यांची अक्षरे. आम्ही दोघे भाऊ ती पुरचुंडी धरण्यावरून भांडत असू.

मग फ्लेक्स आला. दिवसभर मचाणावर उभे राहून अब्बा जो बोर्ड करीत तो यंत्रातून तासाभरात निघू लागला, त्यावर मालकाचा फोटोही. दोन-चार वर्षांत ब्रश डब्यात गेले. आमच्या हातात खडू आला तो असा. धाकट्याचे चित्र आमच्यापेक्षा चांगले होते. तो पुण्याला एका मेंदीवाल्याकडे गेला, तिथून टॅटूच्या दुकानात झाडलोट करायला, आणि तीन वर्षांनी मशीन घेऊनच परत आला.

दुकानातले काम बाहेरून वाटते तसे रंगीबेरंगी नाही. निम्मा वेळ पुसण्यात जातो. गिऱ्हाईक आले की आधी खुर्ची, हात ठेवायचे पाट, दिव्याचा दांडा, सगळे जंतुनाशकाने पुसून त्यावर प्लास्टिक गुंडाळायचे. सुई पाकिटातून गिऱ्हाइकासमोर काढायची, हा धाकट्याचा नियम. "बघून घ्या, सील आहे," असे तो म्हणतोच, समोरचा मोबाइलमध्ये बघत असला तरी. शाई मोठ्या बाटलीतून थेट घ्यायची नाही. टोपणाएवढ्या कपात ओतायची आणि उरली तर टाकून द्यायची. त्या टाकलेल्या शाईकडे बघून आमचा जीव अजून कळवळतो. ज्या घरात रंगाच्या डब्याचा तळ रॉकेलने खरवडून वापरला जायचा त्या घरातले आम्ही.

मग जागा दाढीच्या ब्लेडने साफ करायची, जांभळ्या शाईच्या कागदावरचा छाप त्यावर दाबायचा. कागद उचलला की कातडीवर जांभळी अक्षरे. पहिल्यांदा हे पाहिले तेव्हा आम्हाला निळीची पुरचुंडीच आठवली. सुई दीड-दोन मिलिमीटर आत जाते. वरची कातडी काही आठवड्यांत झडून नवी येते, पण शाई तिच्या खालच्या थरात बसलेली असते म्हणून राहते. वर राहिली तर उडते, खोल गेली तर पसरते आणि अक्षर फुगते. धाकटा म्हणतो, सगळी कला त्या एका मिलिमीटरात आहे, बाकी पुसणे.

आमचे काम अक्षराचे. मशीनला आम्ही हात लावत नाही. गिऱ्हाइकाने मोबाइलवर आणलेला मजकूर तपासायचा, चांगल्या वळणात कागदावर काढायचा, छाप तयार करून द्यायचा. शंभरातले साठ-सत्तर लोक अक्षरांसाठीच येतात. आई, बाबा, आईबाबा, मुलीचे नाव, मुलीची जन्मतारीख, बायकोचे नाव, जी अजून बायको झालेली नाही तिचे नाव. या शेवटच्या प्रकाराला धाकटा फक्त पहिले अक्षर सुचवतो. "अक्षर पुढे कशातही बदलता येतं," असे स्पष्टच सांगतो. तरी पूर्ण नाव काढून घेणारे काढून घेतात आणि दीड-दोन वर्षांनी झाकायला येतात. झाकायला गरुड लागतो. सोलापुरात दंडावर गरुड घेऊन फिरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या गरुडाखाली एखादी पूजा किंवा प्रियांका झोपलेली आहे.

मराठी शुद्धलेखन तपासणारा उर्दूचा मास्तर, अशी आमची नव्या पेठेत ओळख आहे. 'आशीर्वाद' हा शब्द आम्ही किती जणांच्या कातडीवर चुकता चुकता वाचवला असेल! पण हसण्याचा भाग एवढाच. फेब्रुवारीत, १९ तारखेच्या शिवजयंतीच्या आधी आठ-दहा दिवस दुकानात राजमुद्रा काढून घ्यायला रांग असते. राजमुद्रेचा मजकूर संस्कृत. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत कुठे रफार नाही, कुठे जोडाक्षर तुटलेले. आमचा संस्कृतशी संबंध नाही. पहिल्या वर्षी आम्ही तो श्लोक कागदावर लिहून ओळखीच्या एका मराठी शाळेतल्या कुलकर्णी बाईंकडे नेला. बाईंनी चष्मा लावून अक्षर न् अक्षर पाहिले, एक मात्रा दुरुस्त केली आणि विचारले, "सर, एवढी काळजी?" आम्ही म्हणालो, "बाई, कातडीवर जायचंय." ते खरे होते, पण पूर्ण खरे नव्हते. चूक छापणाऱ्याची असो की गिऱ्हाइकाच्या मोबाइलची, त्या चुकीखाली आमच्या दुकानातल्या माणसाचे नाव विचारले जाईल आणि नाव ऐकल्यावर ती चूक मानली जाणार नाही. बाईंनी तपासलेला कागद धाकट्याने प्लास्टिकमध्ये घालून भिंतीला लावला आहे. दरवर्षी छाप त्यावरूनच निघतो.

आणि हेही सांगायला हवे, की छातीवर राजमुद्रा काढून घेणारी ती पोरे जाताना धाकट्याच्या पाठीवर थाप मारून "भाई, एक नंबर" म्हणून जातात. त्यातले दोघे-तिघे ईदला शीरखुर्मा प्यायला येतात. एकाने सगळे झाल्यावर, पैसे देताना नाव विचारले. ऐकून थोडा थांबला. मग म्हणाला, "मग तर अजून भारी." भारी काय ते आम्हाला नीट कळले नाही, धाकटा म्हणाला, कळायची गरज नाही, पन्नास रुपये जास्त देऊन गेला.

धाकट्याचे नियम पक्के आहेत. अठरा वर्षांच्या आतल्याला आधारकार्ड पाहून परत पाठवायचे. कुठल्याही देवाचे चित्र कमरेखाली काढायचे नाही, मग ज्याचा देव आहे तो कितीही म्हणो. अल्लाचे नाव किंवा कुराणातली आयत तर काढायचीच नाही. माणूस ते घेऊन न्हाणीघरात जाणार. सैन्यभरतीची तयारी करणारा मुलगा असेल तर आधी समजावायचे: लष्करात कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते, मानेवर-दंडावर चालत नाही, आदिवासी मुलांना त्यांच्या रिवाजाप्रमाणे सवलत आहे, तुला नाही. रक्तदान करणाऱ्याला सांगायचे की आता वर्षभर करता येणार नाही. एवढे सांगितल्यावर दहातले दोन उठून जातात. आम्ही सुरुवातीला धाकट्याला म्हणायचो, अरे, गिऱ्हाईक घालवतोस. तो म्हणायचा, "भाई, तू मुलांना नापास करतोस की नाही?" सरकारने बरीच वर्षे आठवीपर्यंत नापास करायला बंदी केली होती हे त्याला कोण सांगणार.

आता घरचे. गोंदणारी आणि गोंदवून घेणारी, दोघींवर लानत असल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. यात पळवाट नाही आणि आम्ही ती शोधतही नाही. ज्याच्या अंगावर आधीच गोंदलेले आहे त्याचा वजू होतो, नमाज होते, हे उलेमा सांगतात. कारण शाई कातडीच्या आत असते, पाणी अडत नाही. पण ते गोंदलेल्याचे झाले. गोंदणाऱ्याचे काय? अब्बा धाकट्याच्या दुकानात कधी आले नाहीत. घरखर्चाला धाकट्याचे पैसे चालतात, कारण अम्मीच्या शुगरच्या गोळ्या आमच्या मानधनातून येत नाहीत हे अब्बांना दिसते. पण अब्बा स्वतःचा चहा आणि वर्तमानपत्र फंडाच्या तुटपुंज्या व्याजातून भागवतात. कुणी बोलून दाखवत नाही. आम्ही दुकानात बसायला लागलो तेव्हा मात्र ते बोलले.

आम्ही म्हणालो, "अब्बा, हम तो सिरफ लिखते. सुई हमारे हाथ में नहीं."

अब्बांनी आयुष्यात देशी दारूच्या दुकानाचा बोर्ड रंगवला नाही. दिवसाला दोन बोर्ड मिळत होते तेव्हाही नाही आणि महिन्याला दोन मिळू लागले तेव्हाही नाही. ते म्हणाले, "बोर्ड लिखनेवाला बी दुकान का हिस्सेदार रहता." पुढे काही बोलले नाहीत. तेव्हापासून रात्री आम्ही घरी आलो की बोटांवरची जांभळी शाई आधी नळाखाली घासतो, मग आत जातो. तिकडे शाळेत मुलांना वाटते की सरांच्या बोटाला शाई म्हणजे सर रात्रभर वह्या तपासतात.

अम्मी मात्र एवढे मनावर घेत नाही. तिची आई, आमची नानी, मोहोळ तालुक्यातल्या खेड्यातली. नानीच्या हनुवटीवर हिरवा ठिपका होता आणि डाव्या हातावर तुळशीवृंदावन. गावात गोंदणारीण आली की सगळ्या पोरी एका ओळीत बसायच्या. काजळी, कसल्यातरी पाल्याचा रस आणि एकत्र बांधलेल्या सुया. कुठली पोर मुलाण्याची आणि कुठली पाटलाची हे गोंदणारणीने विचारले नाही, पोरींच्या आयांनीही नाही. नानीने पाच वक्तांची नमाज कधी चुकवली नाही आणि हातावरची तुळसही कधी झाकली नाही. ती गेली तेव्हा गुस्ल द्यायला शहरातून आलेल्या एका बाईने तो हात पाहून "तोबा" म्हटले. अम्मीने तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि उरलेले गुस्ल स्वतः दिले. हे अम्मीने आम्हाला दुकान सुरू झाल्यावर सांगितले, आधी नाही.

२०२२ च्या डिसेंबरात एक मुलगा जिना चढून आला आणि आम्हाला पाहून दोन पायऱ्या खाली उतरला. आमचा विद्यार्थी. दहावीला होता तेव्हा शेवटच्या बाकावर बसायचा. आता एकोणीस वर्षांचा, चादरीच्या कारखान्यात कामाला. त्याची अम्मी २०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. दवाखान्यातून थेट कब्रस्तान; चेहरा पाहायला मिळाला नव्हता. त्याला हाताच्या आतल्या बाजूला 'अम्मी' लिहून हवे होते. उर्दूत.

आम्ही नाही म्हणालो. कारणे बरीच दिली. हदीस सांगितली, आईसाठी दुवा कर म्हणालो, तिच्या नावाने एखाद्या मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च कर म्हणालो. तो मान खाली घालून ऐकत होता, वर्गात ऐकायचा तसा. मग म्हणाला, "सर, दुसऱ्यांच्या आईचं लिहिता." त्याच्या मागे भिंतीवर आम्हीच काढलेले 'आई'चे अकरा नमुने टांगलेले होते. धाकटा मशीन पुसत होता, तो काही बोलला नाही. आम्ही मुलाला एका जाड कागदावर नस्तालीकमध्ये 'अम्मी' लिहून दिले. फ्रेम करून घे म्हणालो. त्याने कागद घेतला, सलाम केला, गेला. त्या दिवशी घरी जाताना आम्हाला बरे वाटले होते. आम्ही आपल्या माणसाला वाचवले असे वाटले होते. दुसऱ्यांना वाचवायची आमच्यावर जबाबदारी नव्हती, असाच त्याचा अर्थ होतो, हे तेव्हा सुचले नाही.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते. होम मैदानावर पाळणे, भांडी, खाऊ आणि त्यातच बॅटरीवर मशीन चालवणारे गोंदणवाले. फेब्रुवारीत तो मुलगा दुकानात नाही, संध्याकाळी पाचच्या आधी घरी आला. बाही वर केली. हातावर तीन अक्षरे होती, तिन्ही सुटी. अलिफ, मीम, ये. डावीकडून उजवीकडे.

ज्यांना उर्दू येत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमची लिपी उजवीकडून चालते आणि अक्षरे एकमेकांचा हात धरतात; हात धरताना त्यांचा आकार बदलतो. कुठल्याशा ॲपला हे ठाऊक नव्हते. त्याने अक्षरे सुटी केली आणि इंग्रजीसारखी डावीकडून मांडली. उजवीकडून वाचले तर ये, मीम, अलिफ. यमा.

"अरे, तू उर्दू शाळेतला ना? पाहिलं नाहीस?"

"माझ्या बाजूनं उलटंच दिसत होतं, सर. वाटलं म्हणून तसं दिसतंय." मग थोड्या वेळाने, "डोळे पण मिटले होते."

आम्ही दिलेला कागद त्याने घरी फ्रेम केला होता. तोच यात्रेत न्यायचे त्याच्या मनात आले होते, पण सर रागावतील म्हणून नेला नाही.

अब्बा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी मुलाला हाताने बोलावले, त्याचे मनगट धरून हात उजेडात नेला आणि बराच वेळ पाहिले. आम्हाला वाटले आता ते दोघांनाही सुनावतील. ते म्हणाले, "कौन लिख्या ये? हाथ में जान नहीं उसके." मग आमच्या मुलीची पाटी मागितली. अब्बांचा हात आता कापतो. पेन्सिल टेकवेपर्यंत कापतो, टेकल्यावर कापत नाही. त्यांनी तीन सुटी अक्षरे आहेत तशी काढली. मग अलिफला खाली मूळ फुटले आणि त्याचा देठ झाला. मीमच्या गोळीला पाकळ्या आल्या, शेपटी वळून वेलीला मिळाली. येची वाटी एक झुकलेले पान झाली. अक्षरे कुठेही पुसली नव्हती आणि कुठेही उरली नव्हती. वेलीखाली, उजवीकडून, लहान आकारात त्यांनी 'अम्मी' लिहिले, मीमवर तश्दीद देऊन.

पाटी आमच्या हातात देऊन ते अस्रच्या नमाजेला उठले. जाताना म्हणाले, "मैं कुछ नहीं देख्या."

पाटीवरचे कागदावर आम्ही उतरवले. पण लगेच काही करता येत नव्हते. कातडी पूर्ण बरी व्हायला हवी होती, आणि यात्रेतल्या त्या सुईने त्या दिवशी किती जणांना टोचले होते कुणास ठाऊक. धाकट्याने त्याला सहा आठवडे थांबवले. आम्ही त्याला सिव्हिलमध्ये कावीळ आणि एचआयव्हीची तपासणी करायला घेऊन गेलो आणि काही महिन्यांनी पुन्हा. दोन्ही वेळा अहवाल चांगला आला. त्या दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांत आम्हाला शाळेत त्याच्या जुन्या बाकाकडे पाहवत नसे.

काम मार्चमध्ये, रमजानच्या आधी झाले. शेवटचा 'अम्मी' छापण्याआधी धाकट्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही छाप स्वतः त्याच्या हातावर दाबला, कागद उचलला, तीनदा वाचला, मुलाला हात फिरवून त्याच्या बाजूने वाचायला लावला. मग खुर्चीच्या बाजूला उभे राहून त्याचा हात धरला. सुई लागताच बोटे आपोआप मिटतात. कुणीतरी मनगट धरावे लागते. एरवी हे काम आम्ही करत नाही.

पैसे घ्यायचे नव्हते. तो ऐकेना, चादर ठेवून गेला.

रात्री बोटे न घासताच घरात गेलो. अब्बा झोपले असतील असे वाटले होते. अंधारातून त्यांनी विचारले, "मीम की गोली कैसी आयी?"

"अच्छी आयी. नीचे से थोडी मोटी हो गयी."

काही वेळ काही नाही. मग म्हणाले, "स्याही फैलती. लिखताइच बारीक लिखना."